छतापर्यंत चित्रं कशाला?

संपादक महोदय,

टिळकवाडीत नुकतंच एक चित्रप्रदर्शन पाहिलं. चित्रं झकास, पण भिंतीवर बोटभर जागा मोकळी नाही! वरच्या रांगेतल्या राजहंसगडाच्या जलरंगचित्रासाठी मान मोडली. काचेत दिसली ती ट्यूबलाइटच. पॅरिसच्या ‘सालों’ या सरकारी चित्रप्रदर्शनातही अशीच छतापर्यंत चित्रं चढवत. वैतागलेल्या मोने, रेन्वार, देगा या चित्रकार मंडळींनी १८७४ साली नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा चित्रं दोनच ओळींत लावली. आपल्याकडे हारतुऱ्यांना तासभर मिळतो, मांडणी मात्र आदल्या रात्री घाईघाईत (तीही मंडपवाल्याच्या पोरांकडून!). संयोजकांनी निम्मीच चित्रं लावावीत, उरलेली पुढच्या महिन्यात. आम्ही पुन्हा येऊ.

– एक चित्ररसिक, शहापूर, बेळगाव