घातांक खाली घसरला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या' हे टिपण वाचले. त्यात ती संख्या २१३६२७९८४१ – १ अशी छापली आहे. वजाबाकी केली तर येते २१३६२७९८४०. "आजोबा, हिला तर दहाने भाग जातोय की!" सातवीतली नात म्हणाली, आणि चहा तसाच ठेवून हे पत्र लिहायला बसलो.

घोळ छपाईचा आहे. २ च्या डोक्यावर बारीक टायपात बसायचा घातांक घसरून ओळीत आला. खरी संख्या म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात, वजा १. 'गिम्प्स' या स्वयंसेवकांच्या प्रकल्पातून ल्यूक ड्युरंट यांना ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. तुम्ही छापलेल्या संख्येत दहा! सेकंदाला एक अंक वाचत गेलात तर रात्रंदिवस ४७५ दिवस लागतील.

गंमत म्हणजे या अजस्र संख्येचे शेपूट कागद-पेन्सिलीने हाती लागते. २ चे घात लिहीत गेलो की वर्गापासून पुढे शेवटचे दोन अंक दर २० पायऱ्यांनी तेच ते येतात. घातांकाला २० ने भागले तर बाकी १, म्हणून २ चा २१ वा घात पाहायचा: २०९७१५२. शेवटी ५२, त्यातून १ गेला, उरले ५१. नातीने इंटरनेटवर ताडून पाहिले, जुळले. अर्थात शेवटी ५१ आले म्हणून संख्या मूळ ठरत नाही. सतरा त्रिक एक्कावन्न तिला पाठ आहे. घातांक मूळ असणेही पुरेसे नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते होतात २३ गुणिले ८९.

मथळ्यात 'ज्ञात' हा शब्द हवा होता. सर्वांत मोठी मूळ संख्या नसतेच, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखवले. कितीही मूळ संख्या गोळा करा. त्यांच्या गुणाकारात १ मिळवला की येणाऱ्या संख्येचा मूळ अवयव यादीबाहेरचाच निघतो.

'यामुळे ऑनलाइन व्यवहार सुरक्षित होतील' हे वाक्य तर कृपया मागे घ्या. त्या व्यवहारांच्या सांकेतिक कुलपांना काहीशे अंकी मूळ संख्या पुरतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. जगजाहीर संख्या वापरणे म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवणे.

दुरुस्ती छापताना घातांक वर चढवायला जमत नसेल, तर सरळ 'वा घात' असे अक्षरांत छापावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा