चि. ओंकार, तुझ्या सप्टेंबरच्या वह्या पाहिल्या

चि. ओंकार,

आईचे अनेक शुभाशीर्वाद.

काल प्राथमिक आरोग्य केंद्रात मासिक बैठक होती. तिथे मोबाइलला रेंज आली आणि बाबांनी पाठवलेले तुझ्या वह्यांचे फोटो एकामागून एक उतरले. रात्री उपकेंद्रावर परत आल्यावर निवांत पाहिले. इथून फोन केला की दोन वाक्यं होतात न होतात तोच आवाज तुटतो, आणि तुझं सगळं लक्ष 'हॅलो, हॅलो'कडेच जातं. म्हणून लिहिते आहे. परतवाड्याला जाणाऱ्या ताईंच्या हाती पत्र देईन. घाईत वाचू नकोस, रविवारी वाच.

आधी महिन्याचं तुझं सगळं बोलू. गणिताच्या घटक चाचणीत वीसपैकी अकरा पडले म्हणून तू बाबांशी दोन दिवस बोलला नाहीस, असं आजीनं सांगितलं. मसावि-लसाविची उदाहरणं मी पाहिली. मूळ अवयव तू बरोबर पाडतोस, पण शेवटी कुठले घ्यायचे तिथे गोंधळतोस. मसावि काढताना सगळ्या संख्यांमध्ये असतील तेवढेच अवयव घ्यायचे. लसावि काढताना एकही सुटू द्यायचा नाही. रोज तीनच उदाहरणं कर, पण उत्तर आलं की ते दिलेल्या संख्यांनी भागून बघ. लसाविला सगळ्या संख्यांनी पूर्ण भाग जायला हवा. चूक तुझी तुलाच सापडेल, सरांच्या लाल पेनाची वाट पाहावी लागणार नाही. इतिहासाची वही सुरेख आहे. हिंदीचं अक्षर मात्र मराठीपेक्षा चांगलं का येतं, ते काही मला समजलं नाही.

खो-खोच्या तालुक्याच्या सामन्यात तुमचा संघ हरला, हे कळलं. तू चौदा वर्षांखालच्या संघात पहिल्याच वर्षी उभा राहिलास, याचा मला फार आनंद आहे. गुडघा खरचटला तिथे आजीनं हळद लावली असेल. पण आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतलंस का? आणि धनुर्वाताचं इंजेक्शन तुला दहाव्या वर्षी दिलेलं आहे, ते कार्ड हिरव्या फाइलमध्ये आहे. पुढचं सोळाव्या वर्षी.

शिक्षक दिनाला तू पाचवीच्या वर्गावर तास घेतलास, त्याचं वर्णन तू फोनवर सांगत होतास आणि नेमका तिथेच आवाज गेला. एवढंच ऐकू आलं, की एका मुलीनं 'असं का?' विचारलं आणि तुला उत्तर आलं नाही. त्या मुलीला उत्तर दिलंस का नंतर? दिलं नसशील तर आता मधल्या सुट्टीत जाऊन दे. तिनं विचारलं, याचा अर्थ ती ऐकत होती. पहिल्याच तासाला असा विद्यार्थी मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे.

मधल्या सुट्टीवरून आठवलं. तू शाळेतली खिचडी टाकून बाहेरचा समोसा खातोस, ही बातमी इथवर आली आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरवून दिलेलं आहे. त्यासाठी रोजचं 150 ग्रॅम धान्य धरतात. तुझी उंची आता झपाट्यानं वाढणार आहे. मटकीची उसळ असेल त्या दिवशी दोनदा घे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

विज्ञानाच्या वहीत 'भौतिक राशींचे मापन' या पाठाखाली एक तक्ता आहे. गटातल्या सहा जणांनी एकच बाक पट्टीनं मोजायचा आणि ज्यानं त्यानं आपलं माप लिहायचं. तुझ्या तक्त्यात सहा नावं आहेत आणि सहाही नावांपुढे 120 सेमी लिहिलं आहे. खाली निष्कर्ष : 'बाकाची लांबी 120 सेमी आहे.' त्यावर बरोबरची खूण आहे.

ओंकार, तीस सेंटिमीटरची पट्टी चार-पाच वेळा उचलून ठेवत सहा मुलांनी बाक मोजला, तर सहाही उत्तरं सारखी येत नाहीत. कुणाचं 119.6 येईल, कुणाचं 120.3. कुणी पट्टीच्या कडेपासून मोजेल, कुणी शून्याच्या रेघेपासून. कुणी तिरकं बघेल. तुमच्यापैकी एकानं मोजलं आणि पाच जणांनी उतरवलं, की एकानंही मोजलं नाही, हे मी विचारत नाही. पण तो पाठ मुळात ज्या गोष्टीसाठी आहे, ती त्या सहा वेगळ्या आकड्यांतच होती. ती तुमच्या हातून निसटली.

मी इतकी का मनाला लावून घेते, ते सांगते. हा महिना पोषण माह होता. त्यामुळे आशाताई, अंगणवाडीताई आणि मी पाड्यापाड्यावर जाऊन मुलांची वजनं, उंची आणि दंडघेर पुन्हा तपासत होतो. दंडघेराची पट्टी तू पाहिली आहेस, लाल-पिवळी-हिरवी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल अतितीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा असेल तर मध्यम. म्हणजे लाल आणि हिरव्याच्या मध्ये एकच सेंटिमीटर आहे. तुझ्या पट्टीवरची दहा बारीक घरं. पट्टी थोडी सैल धरली किंवा करकचून आवळली, तरी मुलाचा रंग बदलतो. म्हणून आम्ही डाव्या हाताचा खांदा ते कोपर अंतर मोजून बरोबर मध्यावर पट्टी लावतो, हात सैल सोडायला सांगतो, आणि शंका आली तर पुन्हा मोजतो.

एका पाड्यावर एक दीड वर्षाची मुलगी आहे. तिच्या नोंदीत तीन महिने एकच वजन होतं. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन तीन महिने काट्याच्या रेघेवरून हलत नाही, असं क्वचित होतं; आणि तसं झालं असेल तर तीही काळजीचीच गोष्ट. त्या पाड्याचा रस्ता पावसात वाहून जातो, काटा पाठीवर घेऊन नाला ओलांडावा लागतो, हे मला ठाऊक आहे. कुणालाही दोष द्यायला मी हे लिहीत नाही. आम्ही काटा शून्यावर आणला, आधी रिकामी झोळी टांगून बघितली, मग मुलीला ठेवलं. वजन नोंदीपेक्षा बरंच कमी भरलं. दंडघेर लालमध्ये. त्याच दिवशी तिला ग्राम बाल विकास केंद्रात घेतलं. आता तिला दिवसातून अनेकदा थोडंथोडं खायला मिळतं, औषधं चालू आहेत आणि वजन चढू लागलं आहे. तिची आई कोरकू भाषेत माझ्याशी भराभरा बोलते, मला निम्मं कळतं, पण काट्यावरचा आकडा आम्ही दोघी मिळून वाचतो.

नोंदवहीतला रकाना रिकामा असता तर कुणीतरी विचारलं असतं, 'या मुलीचं वजन का नाही?' रकाना भरलेला होता म्हणून कुणी विचारलं नाही. हे लक्षात ठेव. न मोजता भरलेला आकडा रिकाम्या जागेपेक्षा जास्त नुकसान करतो.

तू म्हणशील, बाकाच्या लांबीनं कुणाचं काय बिघडणार? बाकाचं काहीच नाही. पण हाताला सवय सातवीतच लागते, आणि पुढे कुठल्या कामाच्या वहीत तू आकडे लिहिशील हे आज तुलाही माहीत नाही, मलाही नाही.

आणखी एक सांगते, कारण उष्णतेचा पाठ आता येईल. समज, सर वर्गात पाणी उकळून दाखवतील आणि तापमापकावरचं माप वाचायला सांगतील. पुस्तकात 100 अंश सेल्सिअस आहे म्हणून सगळे 100 लिहितील. पण 100 हा आकडा समुद्रसपाटीचा. जसजसं उंच जावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. साधारण 300 मीटर चढलं की एक अंश कमी. आपलं चिखलदरा हजार मीटरच्याही वर आहे. तिथे पाणी 96-97 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. म्हणूनच तिथे डाळ शिजायला वेळ लागतो, आणि मावशी कुकरशिवाय डाळ लावत नाही. आता चिखलदऱ्याच्या एखाद्या मुलानं 96 वाचून वहीत 100 लिहिलं, तर त्यानं नुसती एक चूक केली असं नाही; त्याच्या गावची डोंगराएवढी गोष्ट त्याच्या हातात आली होती आणि त्यानं ती खोडरबरानं पुसली.

तुला मोजमापाची एक खरी गोष्ट सांगते, आपल्या विदर्भाशी जोडलेली. 1802 मध्ये विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासजवळ एक सरळ रेघ मोजायला घेतली, सात मैलांहून लांब. त्या रेघेवर पुढे त्रिकोणामागून त्रिकोण रचत सगळा हिंदुस्थान मोजायचा होता. मोजायला शंभर फुटांची पोलादी साखळी होती. ती लाकडी खोक्यांत सरळ ठेवायची आणि प्रत्येक वेळी थर्मामीटर वाचून साखळीचं तापमान लिहायचं, कारण पोलाद उन्हानं वाढतं. किती वाढतं? एका अंश सेल्सिअसला शंभर फुटांची साखळी जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. कुणालाही वाटेल, सोडून द्या. पण तू हिशेब कर : साडेसात मैलांत ती साखळी जवळजवळ चारशे वेळा ठेवावी लागते. दहा अंशांचा फरक धरला नाही तर शेवटी सव्वा मीटरच्या वर चूक होते. गुणाकार स्वतः करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. हे काम लॅम्ब्टननं वीस वर्षं केलं आणि 1823 मध्ये नागपूरकडे निघालेला असताना आपल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. ते मोजमाप त्याच्यामागे इतरांनी हिमालयापर्यंत नेलं. इंग्रजांनी हे त्यांच्या राज्यासाठी केलं, ते खरंच आहे. पण भर उन्हात साखळी ओढणारे, खोकी उचलणारे आपलेच लोक होते, आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. तीही एक नोंद राहून गेली.

तर आता काय करायचं. तो तक्ता फाडू नकोस, खोडू नकोस. पुढच्या पानावर नवा तक्ता आख. सहा जणांना गोळा कर. ज्याच्याशी तुझं बिनसलं आहे त्यालाही बोलव, कारण माप घेताना दुसऱ्या टोकाला पट्टी धरायला माणूस लागतोच. एकाचं माप दुसऱ्याला दिसू देऊ नका. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहावं, मग सगळ्या चिठ्ठ्या उघडून तक्ता भरा. सहा मापांची सरासरी काढ. सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान माप यांतला फरक लिही आणि तो का आला असेल, ते दोन ओळींत तुझ्या शब्दांत. गाइडमधले शब्द नकोत. मग वही सरांकडे ने आणि सरळ सांग, 'सर, आधीचं आम्ही उतरवलं होतं, आता मोजलं.' सर रागावतील असं मला वाटत नाही. साठ मुलांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला असं वाक्य वर्षभरात किती वेळा ऐकायला मिळतं? आणि रागावलेच, तर ऐकून घे.

मला दसऱ्याला सुट्टी मिळेल असं दिसतंय. आजीला सांग, भुलाबाईच्या खिरापतीसाठी खोबरं मी आणते, तिनं बाजारात जाऊ नये. बाबांची बीपीची गोळी संपत आली असेल, सरकारी दवाखान्यातून महिन्याची एकदम आणून ठेवायला सांग.

दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघं मावशीकडे चिखलदऱ्याला जाऊ आणि पाणी उकळून बघू. आधी घरी परतवाड्याला एकदा उकळून माप घेऊ, मग वर. माझ्या पेटीतला तापमापक चालायचा नाही, तो अंगाचा ताप बघायचा, 42 अंशांपर्यंतच जातो. उकळत्या पाण्यात घातला तर फुटेल. प्रयोगशाळेतला 110 अंशांचा लागेल. तो सुट्टीपुरता मिळेल का, हे सरांना आत्ताच विचारून ठेव, आणि काय म्हणाले ते ताई परत येतील तेव्हा चिठ्ठीत लिहून पाठव.

तुझी,
आई