वॅगन एक, अर्थ दोन

महोदय,

एका अनुवादित लेखात ‘तो पुन्हा गाडीवरून पडला’ असे वाचले आणि बिचाऱ्याला कुठे लागले ते शोधत बसलो. लागले कुठेच नव्हते. मूळ इंग्रजी वाक्प्रचार ‘फॉल ऑफ द वॅगन’; सुटलेली दारू त्याने पुन्हा धरली होती! अमेरिकेत कच्च्या रस्त्यांवरचा धुरळा बसावा म्हणून घोड्यांच्या टाकीगाड्या पाणी शिंपडत. दारू सोडलेला माणूस म्हणे, मी आता ‘वॉटर वॅगन’वर, म्हणजे प्यायचे तर पाणीच. पुढे ‘वॉटर’ गळाले आणि मूळ अर्थ अधांतरी राहिला. फाशीला नेताना कैद्याला वाटेत शेवटचा पेला पाजून परत गाडीत बसवत, त्यावरून हा वाक्प्रचार आला अशीही गोष्ट सांगतात, ती मला मागाहून रचलेली वाटते.

‘बँडवॅगन’ची वॅगन वेगळी. ती सर्कशीच्या मिरवणुकीतली, वाजंत्री बसवलेली. अमेरिकी सर्कसवाले पी. टी. बार्नम यांच्या १८५५च्या आत्मचरित्रात हा शब्द सापडतो. पुढे तो राजकारणात शिरला आणि जिंकणाऱ्याच्या गाडीत उडी मारणे रूढ झाले. आपले ‘वाहत्या गंगेत हात धुणे’ याच्या बरेच जवळचे.

‘फिफ्थ व्हील’ म्हणजे चारचाकीचे बिनकामाचे पाचवे चाक, नको असलेला माणूस. गंमत अशी, की ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकवरच्या जोडणीचेही नाव तेच, आणि तिच्यावाचून ट्रेलर जागचा हलत नाही.

– एक वाचक