अनवाणी जाऊ नकोस

सोलापूर,
सहावी माळ

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास आणि मी तशीच बसून राहिले. आप्पांचं नाव काढायला नको होतं. 'तुझाही पाय जाईल' असं आईनं पोराला म्हणावं का? चुकलं माझं. आता पायाचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

कोजागरीला मित्रांबरोबर तुळजापूरला चालत निघालास, जा. पण तो नवस माझा होता रे. तू नऊ वर्षांचा होतास. आयसीयूतून बाहेर आलास, डॉक्टर म्हणाले, टाइप १ मधुमेह आहे, आता जन्मभर इन्सुलिन. त्याच वर्षी मी रूपाभवानीपासून अनवाणी निघाले. तामलवाडी येईपर्यंत तळव्यांना फोड आले होते. एकेक खडा टोचत होता, म्हणून जपून पाऊल टाकत होते. तुला कळेल का खडा? गेल्या खेपेला पायाला स्पर्श कळतो का ते बघायला डॉक्टरांनी तो नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवला, तेव्हा डाव्या अंगठ्याखाली दोनदा तू 'हो' म्हणाला नाहीस. मी शेजारीच उभी होते.

आप्पांना तरी कुठे कळलं? मे महिन्यात भरदुपारी गच्चीवर कुरडया उलटायला गेले. खाली आले, जेवले, आडवे झाले. मी फरशी पुसायला घेतली तर दारापासून लाल ठसे. विचारलं तर म्हणाले, "काही दुखत नाही की." लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये सगळा जन्म उभ्यानं काढलेला माणूस. आधी बोट गेलं, मग गुडघ्याखाली पाय. बघ, आलेच परत तिथे.

तर बूट घालून जा. नवे कोरे नकोत, आठ-दहा दिवस वापरलेले हवेत. घ्यायचेच असतील तर आजच घे, आणि संध्याकाळी घे. तेव्हा पाय जरा सुजलेला असतो, माप बरोबर बसतं. घालण्याआधी आत हात फिरव. प्रत्येक थांब्यावर मोजे काढून तळवे बघ, बोटांच्या बेचक्यासुद्धा. दिसत नसेल तर मोबाइलनं फोटो काढ. फोड आला तर फोडू नकोस, झाक आणि गाडीत बस. घरी आल्यावर गरम पाण्यात पाय बुडवून बसू नकोस, पाणी कोपरानं बघ. बोटांमध्ये ओल ठेवू नकोस, तिथे क्रीमही नको.

किती बोलते मी. दहाव्या वर्षी माझ्या हातातून सुई घेऊन तू स्वतः टोचून घेतलंस. लाईट गेली की इन्सुलिन पिशवीत गुंडाळून मटक्यात ठेवायचं, हे तू शेजारच्या काकूंना शिकवलंस. तुझ्यापुढे मी शहाणपण काय सांगणार? तुझ्या बाबांना तर मी अजून सांगते, हा पोरगा आपल्याला वाढवून गेला.

तरी एकदाच सांगते. ग्लुकोमीटर, स्ट्रिप्स, इन्सुलिनची दोन्ही पेनं, जास्तीच्या सुया, साखर, चिठ्ठी, सगळं अंगावरच्या पिशवीत ठेव. सामानाच्या टेम्पोत टाकू नकोस, तो उन्हात उभा राहतो. चालताना रक्तातली साखर उतरते, रात्री झोपेतही उतरते. डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना आधी विचार. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर खा, १५ मिनिटं बस, परत तपास. लाज वाटून चालत राहू नकोस. मित्रांपैकी एकाला तरी हे सगळं सांगून ठेव.

देवळात बूट काढावे लागतील. तिथे मोजे असू देत. आई भवानीला चालतं, मी विचारलंय तिला.

कुरिअरनं पार्सल पाठवलंय. शेंगाचटणी आहे आणि सुती मोज्यांचे सहा जोड, वरचं इलॅस्टिक सैल बघून घेतलेत. पांढरे मळतात म्हणून तुला आवडत नाहीत, माहीत आहे. पण मुद्दाम पांढरेच घेतले. काही लागलं, रक्त आलं, तर त्यावर लगेच दिसेल.

तुझी,
आई