टोळ्यांचे वेळापत्रक आखणाऱ्या माझ्या मुलीस

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

झाडे उतरवणाऱ्या टोळ्यांच्या कामाचे नियोजन आता तुझ्याकडे आले आहे, हे वाचून आनंद झाला. एका झाडाला किती वेळ धरावा, असे तू विचारले आहेस. उंची आणि बुंध्याचा घेर एवढ्यावरून त्याचे उत्तर देता येत नाही, आणि ज्यांनी तसे दिले त्यांच्या वेळापत्रकावर मी बरीच वर्षे राबलो आहे. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

पहिली गोष्ट अशी की करवत सुरू होण्याआधीचा वेळ हा कामाचाच वेळ असतो. चढणारा माणूस सकाळी आपला दोर टोकापासून टोकापर्यंत हातातून सरकवून पाहतो, हार्नेसची, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या साजाची, शिवण आणि कड्या तपासतो, आणि यांत्रिक करवतीच्या साखळीच्या प्रत्येक दातावर कानस फिरवतो. बोथट साखळीतून कपच्यांऐवजी भुसा पडू लागतो, मग माणूस करवत जोराने दाबतो आणि तिथून धोका सुरू होतो. (आजच्या साखळीच्या दातांची घडण जो कॉक्स नावाच्या अमेरिकी लाकूडतोड्याने १९४० च्या दशकात लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून केली. आमच्या टोळीत ही गोष्ट नव्या माणसाला हमखास सांगितली जाई.) त्यानंतर झाडाभोवती फेरी होते. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, एका बाजूची माती उचलली गेली आहे का, दोन खोडांच्या बेचक्यात चीर आहे का, आणि वर कुठे तुटलेली फांदी नुसती अडकून राहिली आहे का, हे पाहावे लागते. लाकडी हातोड्याने खोड ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर त्या झाडावर दोर बांधून चढायचे नाही. मग उचल-पाळणा किंवा क्रेन लागते, आणि तुझे सकाळचे वेळापत्रक तिथेच बदलते.

कागदावर सर्वांत फसवे असते ते वाळलेले झाड. पाने नाहीत, वजन कमी, म्हणून लवकर आटोपेल असे नियोजन करणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ओल्या लाकडाचे तंतू वाकतात आणि वाकताना माणसाला इशारा देतात. वाळलेले लाकूड मात्र न वाकता एकदम तुटते. झाड पाडताना पडण्याच्या बाजूला व्यासाच्या सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खाच घेतात, मग मागून काप देतात, आणि दोहोंच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी राखतात. तिला बिजागरी म्हणतात. झाड कुठे पडेल हे तीच ठरवते, आणि वाळलेल्या किंवा कुजलेल्या खोडात तिचाच भरवसा नसतो. त्यामुळे तुझ्या यादीत ‘वाळलेले’ असा शेरा दिसला की वेळ कमी करू नकोस, वाढव.

मोकळ्या जागेतील झाडाबद्दल फार लिहीत नाही. कापणाऱ्याने पडण्याच्या दिशेच्या उलट बाजूला तिरकी, साधारण ४५ अंशांतली पळवाट आधीच साफ करून ठेवायची आणि इतरांनी झाडाच्या निदान दुप्पट उंचीइतके दूर राहायचे, हे पाळले तर काम बरेच सरळ असते. अडचण असते ती घरांच्या मधल्या झाडांची, कारण ती पाडता येत नाहीत. शेंड्यापासून तुकड्या-तुकड्याने दोरावर खाली आणावी लागतात. ६० सेंटिमीटर जाडीच्या ओल्या खोडाचा एक मीटरचा ओंडका सुमारे २५० किलो भरतो. तो कापल्यावर थोडासा जरी खाली पडून दोरावर अडला, तरी बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो, आणि वरच्या कप्पीवर दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण मिळून जवळपास दुप्पट भार येतो. तो भार ज्या खोडाला पेलायचा, त्याच खोडाला चढणारा स्वतः बांधलेला असतो. म्हणून जाणती टोळी लहान तुकडे घेते. लहान तुकडे म्हणजे जास्त काप, जास्त गाठी आणि जास्त वेळ. याला आळस समजणारे मुकादम मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल माझे मत चांगले नाही.

खालच्या माणसाचेही ऐक. दोर सोडण्याचा वेग त्याच्या हातात असतो, आणि वर कोणी बेशुद्ध झाला तर त्याला उतरवू शकेल असा, चढता येणारा दुसरा माणूस खाली असलाच पाहिजे. हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहणे हाच जिवाला धोका असतो. बाहेरून मदत येईपर्यंत थांबण्याची सोय नसते. दोघांपैकी एक आजारी पडला तर उरलेल्याला ‘निदान फांद्या तरी काढ’ असे सांगू नकोस.

विजेच्या तारांजवळचे झाड दिवसाच्या मधोमध कधीही घालू नकोस. ओली फांदी वीज वाहून नेते, तारेला प्रत्यक्ष हात लागण्याची गरज नसते, आणि प्रवाह बंद झाल्याची खात्रीलायक खबर येईपर्यंत सगळी टोळी बसून राहते. वादळानंतरचे काम असेच बेभरवशाचे असते. आडव्या झाडात कुठे ताण आणि कुठे दाब कोंडलेला आहे, हे वाचल्याशिवाय काप देता येत नाही. उन्मळलेल्या झाडाचे खोड कापताच मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात आदळू शकतो. त्या दिवसांत सगळ्यांनाच रस्ता ताबडतोब मोकळा हवा असतो, आणि माणसे थकलेलीही तेव्हाच असतात.

शरीराचे थोडे लिहितो. करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे कानांची झाकणे सक्तीची. कंपनामुळे वर्षांनंतर बोटांची टोके गारठ्यात पांढरी आणि बधिर पडू लागतात. माझी तू पाहिलीच आहेस. साखळी अडवणारी जाड विजार उन्हात असह्य होते आणि तरीही ती काढता येत नाही. दिवसाच्या शेवटी फांद्या चिपरमध्ये, म्हणजे त्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रात, घालण्याचे काम येते, ते सोपे म्हणून दमलेल्या माणसाकडे दिले जाते. फांदी आत खेचणारे रूळ हातमोजा अडकला तर माणसालाही खेचतात. ते काम शेवटच्या तासात कोंबू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे. टोळीला झाडांच्या संख्येवर पैसे मिळत असतील, तर ‘हे झाड आज नको’ असे कोणीही म्हणणार नाही. म्हणून मोबदला दिवसावर ठरावा यासाठी तू आग्रह धर. प्रत्येक झाडासमोर पाहणीचा वेळ वेगळा लिही, आणि चढणाऱ्याने नकार दिल्यास टोळी त्या दिवशी कोणत्या पर्यायी कामावर जाईल, त्याचा एक रकाना ठेव. ढोलीत मधमाश्या निघाल्या किंवा घरट्यात पिल्ले सापडली, तरी तोच रकाना उपयोगी पडेल. पुढच्या आठवड्याचा तक्ता पक्का होण्याआधी मला पाठव. तारांजवळची आणि वाळलेली झाडे मी खुणा करून परत पाठवीन.

तुझे बाबा