अर्थिंगच्या खड्ड्याबद्दल अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : बी विंगचे अर्थिंग तपासणे व पेव्हर ब्लॉकखाली गेलेला खड्डा मोकळा करणे

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी आमच्या वॉशिंग मशीनच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या आल्या. पायात चप्पल असली की काही नाही, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले की चांगलाच चिमटा बसतो. आम्ही मशीनलाच शिव्या घातल्या. वायरमनने मात्र मशीन उघडलेच नाही. पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब काढला. सॉकेटच्या फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रलमध्ये (करंट परत नेणारी वायर) धरला, तर लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये धरला, तर ढिम्म. म्हणजे इतकी वर्षे आम्ही इमानाने तीन पिनांचा प्लग लावतोय आणि त्यातली जाड पिन, जी गळणारा करंट जमिनीत नेते, ती कुठेच पोचत नाही! वरच्या व शेजारच्या फ्लॅटमध्येही तीच गत निघाली, म्हणून हे पत्र.

मीटर रूममधून जमिनीत जाणारी अर्थची पट्टी गंजली आहे, नखाने खरवडले तरी भुगा पडतो. ही पट्टी ज्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उतरते, तो तर दिसतच नाही. पूर्वी वॉचमनकाका उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत. आवारात पेव्हर ब्लॉक बसले आणि खड्डा त्याखाली गेला. मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडला की करंटला जमिनीत जायला वाट राहत नाही.

वायरमन म्हणाला, "साहेब, न्यूट्रलवरून अर्थला जंपर मारून देतो, दोन मिनिटांचं काम." म्हणजे दोन्ही वायरी एका तुकड्याने एकमेकींना जोडून टाकायच्या. मी हात जोडले. उद्या न्यूट्रलची वायर कुठे तुटली, तर फ्रिजच्या दारावर आणि गीझरच्या टाकीवर थेट २३० व्होल्ट येतील. त्याच्या बोलण्यावरून असे जंपर आपल्या इमारतीत आधीही मारले गेले आहेत. मला खरी धास्ती त्याचीच आहे.

मागच्या सभेत "एमसीबी आहेत ना, मग काळजी कसली?" असे कुणीतरी म्हणाले होते. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटला पडतो, माणसाला बसणारा शॉक त्याच्या खिजगणतीतही नसतो. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, लागतो. तो मी माझ्या खर्चाने बसवतोय. पण अर्थिंग धड असेल तर तो बिघाड होताच पडेल, नसेल तर कुणाला तरी शॉक बसल्यावर. आणि अर्थिंग काही मी एकट्याने करू शकत नाही, ते सोसायटीचे आहे.

तेव्हा परवानाधारक कंत्राटदाराकडून पावसाळ्याआधी अर्थ रेझिस्टन्स (करंटला जमिनीत जाताना होणारा अडथळा) मोजून घ्यावा, पट्टी बदलावी, खड्ड्यावर उघडता येईल असे झाकण बसवावे आणि घरोघरचे जंपर काढायला लावावेत. लिफ्टचा रंग वर्षभर थांबला तरी चालेल.

शनिवारी मीटर रूमची किल्ली मिळाली तर मी स्वतः उभा राहीन. तोवर आम्ही मशीनसमोर रबरी पायपुसणे टाकले आहे आणि मशीनमधून कपडे बाहेर काढण्याआधी प्लग उपसून ठेवतो.

कळावे,

आपला,
एक सभासद, बी विंग, तिसरा मजला