सुगंधाचाही त्रास होतो

महोदय,

चवथीला घरोघरी धूप-अगरबत्ती असणारच, तक्रार त्याबद्दल नाही. पण माझ्यासारख्या काहींना तीव्र वासाने धाप लागते, डोके ठणकते. सांगायला गेले की उत्तर ठरलेले: ‘अहो, मोगऱ्याचा तर वास आहे!’ वास चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. छातीला फिनेल आणि महागडे परफ्यूम सारखेच. ‘नैसर्गिक’ म्हणून खपणाऱ्या लव्हेंडरच्या तेलातही लिनालूल हे सुगंधी रसायन असते आणि हवा लागून त्यापासून त्वचेला अ‍ॅलर्जी आणणारी संयुगे बनतात.

‘मला वास आवडत नाही’ असे मी हल्ली म्हणत नाही. ‘याने मला दम लागतो, जरा खिडकी उघडता का?’ असे नेमके मागितले की लोक बहुधा ऐकतात. म्हापसा-पणजी एसी बसमध्ये मात्र खिडकी उघडतच नाही आणि चालकासमोर फ्रेशनर लटकत असतो!

कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये रुग्णालये सुगंध लावून येऊ नका, अशी विनंती करतात. आपल्या दवाखान्यांनी निदान रुग्ण बसतात तिथे तशी पाटी लावावी आणि लादी बिनवासाच्या द्रावणाने पुसावी.

– एक वाचक, म्हापसा